गायकवाडबाई आणि वरचा कप्पा

परवा आमच्या बेकरीत एक नवी बाई कामाला लागली. ओव्हनचं दार उघडताना ती सरळ समोर उभी राहिली, म्हणून मी तिचा दंड धरून तिला बाजूला ओढलं आणि म्हणाले, "ओव्हन म्हणजे सासरा. पुढ्यात उभं राहायचं नाही. बाजूला राहून काय ते बोलायचं."

ती खूप हसली. म्हणाली, "मावशी, हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

मी म्हणाले, "येतं आपलं करता करता."

असं मी म्हणाले. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. आज सुट्टी आहे, म्हणून नातीची अर्धी कोरी राहिलेली वही घेऊन बसले आहे. माझं शिक्षण चौथीपर्यंत. अक्षर बरं आहे, पण लिहायची सवय नाही. आणि हे कुणाला दाखवायचंही नाही.

ते वाक्य गायकवाडबाईंचं आहे. ओव्हनचं मला जे काही येतं ते सगळंच त्यांचं आहे.

कसबा पेठेतल्या आमच्या बेकरीत मी लागले तेव्हा बाई पन्नाशी ओलांडलेल्या होत्या. सुती साडी, पदर कमरेला घट्ट खोचलेला आणि वरून पुरुषाचा पूर्ण बाह्यांचा शर्ट. तोही सुतीच. नायलॉनची साडी नेसून कुणी आलं की त्या दारातच म्हणायच्या, "लग्नाला निघालात का? मग जाऊन या, आणि काम करायचं असेल तेव्हा कपडे घालून या." हातात बांगड्या नसायच्या. कामावर आल्या की काढून खिडकीतल्या डब्यात ठेवायच्या, जाताना घालायच्या. तापलेली काच कातडीला चिकटते, असं त्या सांगायच्या.

ओव्हन गॅसवरचा, दोन कप्प्यांचा. वरचा आणि खालचा, दोघांना वेगवेगळी ज्योत. बाई त्यांना नुसतंच 'वरचा' आणि 'खालचा' म्हणायच्या, घरातल्या भाडेकरूंबद्दल बोलावं तसं. "वरचा आज कुरकुरतोय." "खालच्याला घाई झालीय." सकाळी आल्या की आधी दोन्ही दारं उघडून ठेवायच्या आणि मग चहा प्यायच्या. चहा संपेपर्यंत काडी ओढायची नाही. रात्रभरात चुकून गॅस साठला असेल तर तो निघून जावा म्हणून. मालक म्हणायचे, "बाई, तुमचा चहा फार लांबतो." बाई म्हणायच्या, "तुमची बेकरी उभी राहते त्या चहावर."

मी फार लाजरी. अजूनही आहे. चारचौघांत माझा आवाज फुटत नाही. बाईंनी पहिल्याच आठवड्यात माझं नाव मुकी ठेवलं. नाव सुनंदा, पण हाक "ए मुके!" मला राग यायचा नाही. उलट कुणीतरी नाव ठेवण्याइतकं लक्ष दिलं, याचं बरं वाटायचं.

बेकरीत तापलेला ट्रे घेऊन वळताना "गरम, गरम!" असं ओरडावं लागतं, म्हणजे मागचा माणूस बाजूला होतो. मला ओरडता यायचं नाही. मी ट्रे घेऊन लोक आपोआप बाजूला व्हायची वाट पाहत उभी राहायचे. एकदा बाईंनी ते पाहिलं. ट्रे खाली ठेवायला लावला, मला मागच्या बोळात नेलं आणि म्हणाल्या, "ओरड."

"काय ओरडू?"

"गरम म्हण."

मी म्हणाले.

"हे तू कुणाच्या कानात सांगतेस का? त्या पलीकडच्या तांबटाला ऐकू गेलं पाहिजे."

तांबटाच्या दुकानात भांड्यावर ठोके चालले होते. मी चार-पाच वेळा ओरडले. शेवटी ठोके थांबले आणि तांबट बाहेर येऊन म्हणाला, "काय गरम आहे?" बाई म्हणाल्या, "काही नाही हो. आमची मुकी बोलायला लागली." मला लाजेने मेल्यासारखं झालं. पण दुसऱ्या दिवसापासून मी ओरडायला लागले. पाट्या वाहणाऱ्यांपासून मालकांपर्यंत सगळे माझ्या आवाजाने बाजूला व्हायचे.

ओला फडका घेऊन ट्रे धरला की त्या हातावर चापट मारायच्या. ओल्याची वाफ होते आणि फडक्याच्या आतच हात भाजतो. "कोरडा आणि जाड. नवऱ्यासारखा," म्हणायच्या आणि स्वतःच हसायच्या.

बिघाड शोधायची त्यांची एक रीत होती. त्यांना नशीब, नजर, दृष्ट हे शब्द चालायचे नाहीत. "ओव्हनला नशीब नसतं, कारण असतं." त्या दर पौर्णिमेला पांढरी साडी नेसून विहारात जायच्या, पण बेकरीत कुणाच्या देवाला कधी नावं ठेवली नाहीत. दसऱ्याला मालक ओव्हनची पूजा करायचे. बाई हात न जोडता एका बाजूला उभ्या राहायच्या. एका वर्षी मालकांनी झेंडूचा एवढा मोठा हार घातला की धूर बाहेर जायची वरची जाळीच झाकली. पूजा होईपर्यंत बाई गप्प होत्या. मग म्हणाल्या, "मालक, हार खाली घ्या. देवाचा श्वास कोंडतोय." मालकांनी निमूट हार दारावर टांगला.

एकदा पावांना एकीकडून रंग यायला लागला. मागची डावी बाजू काळी, पुढची उजवी पांढरी. कंपनीचा मेकॅनिक आला, पाच मिनिटं बघून म्हणाला, बर्नर गेला, नवा टाकावा लागेल. बाईंनी त्याला बसवलं. स्लाइस ब्रेडचे तुकडे सगळ्या ट्रेवर ओळीने मांडले आणि आत सारले. थोड्या वेळाने ट्रे बाहेर काढला. कुठे जास्त आच लागते त्याचा नकाशाच तयार झाला होता. मग पसरट ताटलीत पाणी घेऊन ती गार असलेल्या वरच्या कप्प्यात ठेवली. पाणी एका कडेला गेलं.

बाई म्हणाल्या, "साहेब, बर्नर नाही गेला. पाय गेलाय. ओव्हनचा."

खरोखरच एका पायाखालची फरशी खचली होती, आणि ओव्हन तिरका झाल्यामुळे एका बाजूचं दार नीट बसत नव्हतं. मेकॅनिक जाताना म्हणाला, "बाई, तुम्ही कंपनीतच या." बाई म्हणाल्या, "मग इथे खरं कोण सांगणार?"

मला त्यांनी ओव्हन शिकवला तो हळूहळू. प्रत्येक कप्प्याखाली एक पत्र्याची झडप आहे, तिच्या आत लाल बटण. ते दाबून धरायचं, ज्योत पेटवायची, मनात पन्नास मोजायचे आणि मग बोट काढायचं. ज्योतीजवळ बोटाएवढी एक कांडी असते. ती तापली की बटण आपणहून दाबलेलं राहतं. ज्योत विझली तर कांडी गार होते आणि गॅस आपोआप बंद होतो. बाई त्या कांडीला राखणदार म्हणायच्या. "बोट काढल्यावर ज्योत गेली, तर समजायचं राखणदाराला काहीतरी झालंय. काजळी असेल, सैल असेल. ओव्हन गार करायचा, गॅस बंद करायचा आणि बघायचं. पण त्याला डावलून ओव्हन चालवायचा नाही. कधी म्हणजे कधी नाही."

"नाही," मी म्हणाले होते.

आता मला ते लिहायचं आहे ज्यासाठी वही घेतली.

दिवाळीच्या आधी आमच्याकडे नानकटाई भाजून घ्यायला पेठेतल्या बायका येतात. पीठ, तूप, साखर घरून मळून डब्यात आणायची, इथे ट्रेवर स्वतः गोळे मांडायचे, आपल्या नावाची चिठ्ठी ठेवायची आणि भाजून झाल्या की डबा भरून न्यायचा. ते आठ दिवस बाई राणीसारख्या असायच्या. एक बाई म्हणाल्या होत्या, "माझ्या चाळीस होत्या, अडतीसच आल्या." गायकवाडबाई म्हणाल्या, "दोन फुगून उडाल्या असतील. तूप चांगलं होतं ना?" त्या बाईसुद्धा हसल्या.

त्या वर्षी नेमका गर्दीच्या दिवशी बाईंना डोळे तपासायला जायचं होतं. तारीख आधीपासून मिळालेली होती. सकाळी त्यांनी दोन्ही कप्पे पेटवून पाहिले. वरचा बोट काढलं की विझत होता. त्या मला म्हणाल्या, "काजळी धरलीय कांडीवर. मी आले की पुसते. तोवर फक्त खालचा चालव. लोक ओरडतील. ओरडू देत."

दहा वाजेपर्यंत रांग रस्त्यावर गेली. एका बाईंनी विचारलं, "अहो, वरचा काय शोभेला ठेवलाय?" सगळ्या हसल्या. मालक आतून आले. म्हणाले, "सुनंदा, वरचा पेटव की."

बाईंनी नको सांगितलंय, एवढंच म्हणायचं होतं. तांबटाला ऐकू जाईल असं ओरडायला शिकलेली मी, मालकांना एवढं म्हणू शकले नाही.

मी झडप उघडली, बटण दाबलं, ज्योत पेटवली. बोट काढलं, विझली. परत पेटवली, परत विझली. अंगठा दुखायला लागला. बायका बघत होत्या. खोके बंद करायची खाकी चिकटपट्टी शेजारी होती. मी बटण दाबलं आणि त्यावर पट्टी ओढून बसवली, दोन वेढे. सवयीने शेवटचं टोक दुमडलं. पुढच्या वेळी टोक नखाने शोधत बसावं लागू नये म्हणून मी नेहमी दुमडते. बेकरीत दुसरं कुणी दुमडत नाही. मग झडप लावून टाकली.

वरचा छान चालला. ट्रेमागून ट्रे निघाले. मालक म्हणाले, "बघ, जमतं की." आणि मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू? खूप बरं वाटलं.

बाई दुपारी आल्या. डोळ्यांत औषध घातलेलं, उजेडाने पापण्या मिटत होत्या. घरी जायचं सोडून गर्दीसाठी आल्या होत्या. वरचा चालू बघून त्यांनी मला विचारलं, "वरच्याने धरलं का?"

मी म्हणाले, "हो."

"बरं झालं. जळाली असेल काजळी," म्हणाल्या आणि शर्ट चढवून माझ्या जागी उभ्या राहिल्या.

मी ठरवलं होतं, थोडी गर्दी ओसरली की सांगायचं. खरंच ठरवलं होतं.

तासाभराने सिलिंडर संपत आला. ज्योती बारीक झाल्या. मालकांनी मागच्या बोळात जाऊन आधीच जोडून ठेवलेला दुसरा सिलिंडर उघडला आणि "झाला चालू!" असं ओरडले. खालची ज्योत परत मोठी झाली. वरची मधल्या वेळात विझली होती. एरवी गॅस आपोआप बंद झाला असता. त्या दिवशी तो वाहत राहिला.

बाईंना नीट दिसत नव्हतं, पण ऐकू येत होतं. त्या मान तिरकी करून म्हणाल्या, "मुके, वरचा गप्प का गं?"

मला कळलं. त्याच क्षणी कळलं. तोंड उघडलं, पण आधी काय सांगावं हेच सुचेना. पट्टीचं सांगू, की मी हो म्हणाले ते खोटं होतं हे सांगू? एवढ्यात बाईंनी ट्रे बघायला वरचं दार ओढलं.

आत साठलेला गॅस खालच्या ज्योतीने पेटला. आवाज फार मोठा झाला नाही. चादर झटकल्यासारखा झाला. बाई सवयीप्रमाणे बाजूला उभ्या होत्या, म्हणून तोंड वाचलं. उजवा हात कोपरापर्यंत भाजला आणि कानाजवळचे केस जळाले. त्यांनी पहिला शब्द उच्चारला तो "बाहेर!" आणि दुसऱ्या हाताने भिंतीवरचा गॅसचा मोठा कॉक बंद केला. मग भाजलेला हात नळाखाली धरून उभ्या राहिल्या. कुणीतरी हळद आणली, तर म्हणाल्या, "काही लावू नका. नुसतं पाणी." दवाखान्यात न्यायला रिक्षा येईपर्यंत त्या नळापाशीच होत्या. मी त्यांच्या मागे उभी होते. काय करावं ते न कळून मी त्यांच्या पदराचं टोक धरून ठेवलं होतं, भिजू नये म्हणून.

ओव्हन बंद ठेवला. चार दिवसांनी मेकॅनिक आला. कारण काय ते ऐकायला बाई हात बांधलेल्या तशाच आल्या. त्याने झडप काढली आणि बटणावरची पट्टी सोलून हातात धरली. अर्धी वितळली होती. "हे कुणी केलं?" त्याने विचारलं.

मालक बाईंकडे बघत म्हणाले, "बाई, हे काय?"

बाईंनी पट्टी डाव्या हातात घेतली. दुमडलेल्या टोकावरून अंगठा फिरवला. मग माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या बघण्यात राग नव्हता. आच वर चढायची वाट बघताना त्या ओव्हनच्या काट्याकडे बघत, तसं बघत राहिल्या. त्यांनी मला वेळ दिला. भरपूर दिला. मी हातातला ट्रे पुसत होते, तो पुसलेलाच होता.

शेवटी त्या म्हणाल्या, "ओव्हन माझ्या ताब्यात होता. पट्टी लावणारं कुणी का असेना, बघून घ्यायचं काम माझं."

"म्हणजे तुम्हीच," मालक म्हणाले. "डोळ्यांत औषध घालून ओव्हनपुढे उभं राहतात का हो? इतकी वर्षं काय शिकलात?"

बाईंनी खिडकीतला डबा उघडून बांगड्या रुमालात बांधून घेतल्या. जाताना मला म्हणाल्या, "येते, सुनंदा." त्या दिवसानंतर त्यांनी मला मुकी म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून ओव्हन माझ्याकडे आला.

पुढच्या उन्हाळ्यात मी वाघोलीला गेले, त्यांच्या मुलीच्या घरी. कर्वेनगरच्या आमच्या घरून दोन बस बदलून. सगळ्या वाटेत मी तेच मनात घोकत होते. मोठी सोसायटी, सहावा मजला. मुलगी सुजाता बँकेत आहे. हसतमुख पोरगी. "या ना मावशी, आई रोज आठवण काढते," म्हणाली आणि चहा करायला आत गेली.

बाई बारीक झाल्या होत्या. हाताची कातडी ताणल्यासारखी चकचकीत, बोटं पूर्ण मिटत नव्हती. अंगावर नायलॉनचा गाऊन होता. मी तो बघते आहे हे त्यांना कळलं. "आता कुठे आच लागणार आहे मला?" म्हणाल्या. "ही गॅसजवळ जाऊ देत नाही. म्हणते, आई, तू बेकरीत बटणाला चिकटपट्टी लावलीस, माझ्या घरात पोरं आहेत. तिचं बरोबर आहे. तिला मालकांनी जे सांगितलं ते तिने ऐकलं."

"तुम्ही सांगितलं नाहीत?"

"मी काय सांगू? नाव घेऊन? मी पाहिलं नव्हतं लावताना."

मी त्यांच्या पायाशी बसले आणि एका दमात सांगून टाकलं. मालक, बायका, अंगठा, पट्टी, हो म्हणाले ते. बाईंनी शेवटपर्यंत ऐकलं.

"हे मला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "मला सांगून तू हलकी होशील, माझं काय होणार? तिला सांग. ती आत आहे."

मी उठले. दहा पावलांवर स्वयंपाकघर. सुजाता कप पुसत होती. वळून गोड हसली. "काय हवंय मावशी?"

मी म्हणाले, "पाणी."

तिने फ्रीजमधलं आणि माठातलं मिसळून दिलं. मी तिथेच उभी राहून प्यायले. ती म्हणाली, "तुम्ही आलात, फार बरं वाटलं. आईच्या चुकीने तुम्हालाही लागलं असतं ना त्या दिवशी." मी भांडं ओट्यावर ठेवलं आणि बाहेर आले.

बाईंनी माझ्या तोंडाकडे एकदाच पाहिलं. मग खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "चहा घे. बस चुकेल तुझी."

त्या मला लिफ्टपर्यंत सोडायला आल्या. लिफ्टचं दार लागेपर्यंत थांबल्या नाहीत, घराकडे वळल्या. पाठ तेवढी दिसली, एका खांद्यात वाकलेली. आणि आतून सुजाताचा आवाज आला, लहान मुलाला सांगावं तसा, "आई, ओट्याकडे जाऊ नकोस हं. गॅस चालू आहे."